घोट आणि क्ष-किरण

जेवतांना मुलाला ठसका लागला कीं घरांतील वडीलधारें माणूस पाठ थोपटून “वर पाहा, वर पाहा” असें म्हणतें. निरोगी मुलाचा ठसका आपोआप जिरतो आणि यश मात्र उपायाच्या पदरीं पडतें. परंतु उमरीसारख्या गांवीं पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची मान मागें कलती करून त्याला पाणी पाजलें जातें, तेव्हां तीच समजूत घातक ठरूं शकते.

घशाच्या चौकांतून दोन वाटा फुटतात: पुढें श्वासनलिका, मागें अन्ननलिका. घोट उतरतांना स्वरयंत्र वर उचललें जातें, त्याचें द्वार मिटतें, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचें तोंड उघडतें. हें सारें सुमारें एका सेकंदांत उरकतें. बाहेरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं.

तो लावला क्ष-किरणांनीं. रोंटगेन यांनीं १८९५ सालीं हे किरण शोधले. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन ह्या विद्यार्थ्यानें प्राण्यांनीं गिळलेला घास पडद्यावर उतरतांना पाहण्यास आरंभ केला. अन्न ठळक दिसावें म्हणून त्यांत बिस्मथ मिसळीत. आज बेरियम सल्फेट वापरतात. रोग्यास ताठ बसवून बेरियमयुक्त पाणी, दाट पेज व बिस्किट थोडथोडें देतात आणि बाजूनें चलच्चित्र घेतात.

ह्या चित्रानें दोन गोष्टी कळतात. कित्येकांचें पाणी श्वासनलिकेंत उतरतें, तरी ठसका मुळींच लागत नाहीं. पुढें फुफ्फुसदाह झाला म्हणजेच घरच्यांना जाग येते. दुसरें, कोणती युक्ति कोणास लागू पडते, हें तेथल्या तेथें ठरतें. हनुवटी छातीकडे झुकविल्यास बहुधा श्वासमार्गाचें द्वार अरुंद होतें व तो सुरक्षित राहतो; घशाची एक बाजू दुर्बल असल्यास त्या बाजूस मान वळविली कीं घोट सशक्त बाजूनें उतरतो. मात्र एकाची युक्ति दुसऱ्यास बाधूंही शकते. म्हणूनच आधीं परीक्षा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत. जिभेच्या वा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर अशा रोग्यांना गिळणेंच नव्यानें शिकावें लागतें.

हें यंत्र गांवोगांवीं नाहीं. पण रोग्यास उठवून बसवावें, घोट लहान द्यावा, घोटानंतर आवाज ओला व घरघरता झाला तर थांबून वैद्यकीय सल्ला घ्यावा, एवढें घरींही साधतें. तहानलेल्यास पाणी पाजणें हें पुण्यच. तें योग्य वाटेनें उतरलें पाहिजे, इतकेंच.