बाई-बाप्याची कुस्ती : खरी किती, नुरा किती?

कुस्तीमहर्षी मामासाहेब मोहोळांच्या मुळशीत कुस्ती कळणाऱ्यांची वाण नाही. २०१७ ची महाराष्ट्र केसरी इथल्या भूगावातच रंगली होती. तरीही बाई-बाप्याची कुस्ती म्हणजे टीव्हीने आणलेलं खूळ, असं अनेकांना वाटतं.

ते खरं नाही. १९५० च्या दशकात शेजारच्या पुण्यातच महिला पहिलवान हमीदा बानू आणि रामचंद्र साळुंके यांची जोड ठरली होती. कुस्ती संघटनेने हरकत घेतली आणि ती रद्द झाली. जो हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं हमीदाबाईंचं १९५४ सालचं जाहीर आव्हान होतं. बडोद्यात छोटा गामा पहिलवान ऐनवेळी मागे हटला. त्याच्याऐवजी उतरलेले बाबा पहिलवान १ मिनिट ३४ सेकंदांत हरले.

मुंबईतली हमीदाबाईंची कुस्ती बाई म्हणून अडवली, हाही समज अर्धवटच. तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाईंनी कारण दिलं ते वेगळं : आयोजक त्यांच्यासमोर डमी पहिलवान उभे करतात, अशा तक्रारी होत्या. म्हणजे संशय नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेल्या, कुस्तीचा होता, आणि तो पुरुषांच्या फडालाही नवा नव्हता. कोल्हापुरात मात्र त्यांनी सोमसिंग पंजाबीला हरवल्यावर लोकांनी दगड मारले. दगडाने कुस्ती खोटी ठरत नाही, एवढं तरी तिथल्या जाणकारांना ठाऊक असायला हवं होतं.

‘बाईच्या अंगात एवढा जोर कुठला?’ हमीदाबाईंची उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. हलक्या गड्याला असं वजन अंगावर घेणं सोपं नव्हे. पण सारख्या वजनाच्या आणि सारख्या तयारीच्या जोडीत पुरुषाच्या खांद्या-दंडातली ताकद सहसा जास्त भरते. म्हणूनच २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली ती वेगळा गट म्हणून. २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तीही महिलांमध्येच लढून.

टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीला हा हिशोब लावण्यात अर्थ नाही. तिथे निकाल आधीच ठरतो. आपटणं आणि दुखापती मात्र खऱ्या. ‘ती खरंच जिंकली असती का?’ यापेक्षा ‘पटेल असं कसं जिंकवलं?’ हे पाहायचं. ठेंगणी मुलगी धिप्पाड गड्याला डोक्यावर उचलू लागली की प्रेक्षक हसतो. त्याचा पाय धरला, मान आवळली, धावत्या अंगाचा झोक त्याच्यावरच उलटवला की विश्वास बसतो. पडणाऱ्यालाही पडणं नीट वठवावं लागतं. १९९९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतल्या ‘चायना’ नावाच्या महिला पहिलवानाने जेफ जॅरेटकडून इंटरकाँटिनेंटल किताब घेतला, त्या लढतीत स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी मारायची मुभा होती. जॅरेट चीत झाला तो गिटारचा तडाखा खाऊन.