नेत्रतपासणी उपकरणांची बाजारपेठ आणि प्रत्यक्ष वापर : फंडस कॅमेऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
इ.स. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप तयार केला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतील पडदा, म्हणजे दृष्टिपटल, पाहता येऊ लागले. १९९१ मध्ये अमेरिकेत पुढे आलेल्या ओ.सी.टी. तंत्राने याच पटलाचे थर सुटे दाखविले. आज या उपकरणांची बाजारपेठ विस्तारत आहे. तथापि खरेदी आणि वापर या दोन भिन्न बाबी आहेत. प्रस्तुत लेखात दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणाऱ्या फंडस कॅमेऱ्याच्या आधारे हा भेद स्पष्ट केला आहे.

विवेचन :
अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशा उपकरणांची मागणी परोक्ष असते. ती तपासणीच्या मागणीतून निर्माण होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. एवढ्या संख्येवरून प्रचंड मागणीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार आरंभी दुखत नाही, दृष्टीही शाबूत असते. त्यामुळे रुग्ण आपणहून तपासणी मागत नाही. शिवाय तो साखरेसाठी जातो एका डॉक्टरकडे आणि कॅमेरा असतो दुसऱ्याकडे. माझ्या मते बाजारपेठेची खरी अडचण किमतीपेक्षा येथे अधिक आहे.

बंगळुरूच्या फोरस हेल्थचे 'थ्रीनेत्र' आणि रेमिडिओचा स्मार्टफोनवर आधारित कॅमेरा यांनी हे अंतर कमी केले. उपकरण सुटसुटीत झाले, तंत्रज्ञाला हाताळता येऊ लागले. मात्र छायाचित्र वाचणार कोण? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आपली ग्रामीण दृष्टिकेंद्रे मुख्य रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञांशी दूरसंपर्काने जोडली. तेथे वाचनाची सोय आधी असल्याने कॅमेरा उपयोगी ठरतो. अशी सोय नसेल तर तो कपाटात जातो. अनुदानातून घेतलेल्या उपकरणांची ही गत आपल्या प्रयोगशाळांनाही अपरिचित नाही.

वाचनाचे काम संगणकाकडे सोपविण्याचा मार्गही पुढे आला. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी भारतीय नेत्ररुग्णालयांच्या सहकार्याने अशी प्रणाली मांडली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने दुसऱ्या एका स्वयंचलित प्रणालीला मान्यता दिली. गूगलची प्रणाली प्रत्यक्ष दवाखान्यांत कशी चालते, याचा थायलंडमधील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे १,८३८ पैकी सुमारे २१ टक्के छायाचित्रे प्रणालीने दर्जाअभावी नाकारली. काही दवाखान्यांत खोली अंधारी करण्याची सोय नव्हती, एवढेच साधे कारण त्यामागे होते! इंटरनेटच्या मंद गतीमुळे रांगाही लांबल्या. खोलीचा पडदा कोणत्याही निविदेत सहसा नसतो.

विकार आढळल्यानंतर लेझर उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, रोजगार बुडतो, सोबत एक माणूस लागतो. म्हणून कार्यक्रमाच्या अहवालात किती कॅमेरे घेतले याच्या शेजारी किती छायाचित्रे वाचली गेली आणि किती रुग्ण उपचारापर्यंत पोहोचले, हे दोन रकाने असणे आवश्यक वाटते.