‘मी होतो’ आणि ‘मी होते’ : जाहीर जीवनातील लिंगओळख आणि मराठी क्रियापद

जन्माच्या वेळी नोंदले गेलेले लिंग आपले नव्हे, असे एखादी व्यक्ती समाजासमोर सांगते तेव्हा त्या कृतीला मराठीत एकच असे रूढ नाव नाही. ‘कबुली’ म्हटले की अपराध गृहीत धरला जातो. ‘उघडकीस येणे’ हा गैरव्यवहाराच्या बातमीतला शब्दप्रयोग आहे. ‘जाहीर करणे’ याला राजपत्राचा वास येतो. आणि ‘प्रकट होणे’ हे मराठी मनाने देवांसाठी व संतांसाठी राखून ठेवले आहे. अपराध, राजपत्र आणि दैवत यांच्या मधली जागा, म्हणजे माणसाने स्वतःविषयी एक खरी गोष्ट सांगण्याची जागा, शब्दसंग्रहात जवळजवळ रिकामी राहिली आहे. मात्र जे काम नामाने केले नाही ते मराठीत क्रियापदाला करावे लागते. तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींच्या जाहीर आत्मकथनाचा विचार करताना या व्याकरणिक वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मराठीत प्रथमपुरुषी सर्वनामाला लिंग नाही. ‘मी’ सर्वांचा सारखाच. परंतु ‘मी’ बोलू लागला की ‘जातो’ किंवा ‘जाते’, ‘गेलो’ किंवा ‘गेले’ यांपैकी एकाची निवड अटळ होते. काही वाटा मोकळ्या आहेत. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते, म्हणून ‘मी पत्र लिहिले’ या वाक्यातून लिहिणाऱ्याचे लिंग कळत नाही. ‘मला वाटते’ यातही ते कळत नाही. भविष्यकाळ तर पूर्ण मुक्त आहे : ‘मी जाईन’, ‘मी सांगेन’. ‘असणे’ या क्रियापदाची रूपे विशेष लक्षणीय ठरतात. ‘मी आहे’ आणि ‘मी असेन’ ही रूपे लिंगनिरपेक्ष आहेत. भूतकाळात मात्र ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ असा फाटा फुटतो. मराठी भाषा वर्तमान अस्तित्वाचा पुरावा मागत नाही आणि भविष्याचाही मागत नाही. ती भूतकाळाचा मागते. आत्मचरित्र हा तर भूतकाळाचाच वाङ्मयप्रकार. त्यामुळे आपली ओळख बदलून सांगणाऱ्या आत्मकथनकाराला बालपणाच्या पहिल्याच वाक्यात उत्तर द्यावे लागते. त्या वेळी जग ज्या नजरेने पाहत होते त्या नजरेने ‘होतो’ म्हणावे, की आतून जे सदैव होते त्याला स्मरून ‘होते’ म्हणावे? पहिल्या निवडीत इतिहासाशी प्रामाणिकपणा आहे, दुसरीत स्वतःशी.

मराठी प्रेक्षकाला क्रियापदाची अशी अदलाबदल अपरिचित नव्हती. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले तेव्हा बालगंधर्वांची सिंधू रंगमंचावर ‘आली’ आणि पडदा पडल्यावर नारायणराव घरी ‘गेले’. यात कोणालाच व्याकरणाचा घोटाळा वाटला नाही, कारण पडदा ही सीमारेषा सर्वांना मान्य होती. स्त्रीभूमिका करणारा नट आणि स्वतःला स्त्री म्हणवणारी व्यक्ती यांत मूलभूत भेद आहे : एक भूमिका आहे, दुसरे जगणे. मराठी समाजाने पडद्याआडून परतणाऱ्या नटाला डोक्यावर घेतले. जी व्यक्ती परतण्यास नकार देते तिच्यापुढे तोच समाज अडखळला.

लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून २०१२ मध्ये मनोविकास प्रकाशनाने प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षकच अभ्यासण्याजोगे आहे : ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ यात क्रियापद नाही. पहिल्या वाक्यांशात पुल्लिंगी घडणीचे आणि समाजाने शिवीसारखे वापरलेले सामान्यनाम आहे. दुसऱ्यात स्त्रीलिंगी विशेषनाम आहे. आणि दोहोंच्या आधी तोच अविकारी ‘मी’ उभा आहे. जेथे क्रियापदाने एक बाजू घ्यायला लावली असती, तेथे ते गाळून दोन्ही नामे एकाच व्यक्तीच्या मालकीची केली गेली आहेत. हे पुस्तक आले तोवर त्रिपाठी अप्रसिद्ध नव्हत्या. २०११ मध्ये त्या ‘बिग बॉस’ या कार्यक्रमातून घराघरांत पोहोचल्या होत्या. म्हणजे जाहीर झालेल्या माणसाने पुन्हा एकदा, या वेळी स्वतःच्या अटींवर, स्वतःला सांगणे असे या पुस्तकाचे स्वरूप आहे. २०१५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. इंग्रजीतील प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसल्याने मराठीत पावलोपावली करावी लागणारी निवड तेथे दिसेनाशी होते. अनुवादात आशय पोहोचतो. निर्णयाचा ताण मूळ भाषेतच राहतो.

अशा कथनाचे वजन केवळ वाङ्मयीन नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात व्यक्तीने स्वतः ठरवलेली लिंगओळख मान्य केली. त्या खटल्यात त्रिपाठी स्वतः पक्षकार म्हणून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या जीवनाची हकीकत निकालपत्रात नोंदली गेली. आत्मकथन तेथे पुरावा झाले.

मुंबईच्या उपनगरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. आरे वसाहतीला लागून असलेल्या गोरेगावच्या चित्रनगरीत पडद्यावरची माणसे घडवली जातात. रेल्वेमार्गापलीकडे मालाडच्या मालवणी भागात गौरी सावंत यांची ‘सखी चारचौघी’ ही संस्था काम करीत आली आहे. हे नाव मराठीच्या दृष्टीने फार अर्थगर्भ आहे. ‘चारचौघांत’ म्हणजे लोकांसमोर, जाहीरपणे. आणि ‘चारचौघींसारखी’ म्हणजे कोणत्याही साध्या बाईसारखी. एका शब्दाच्या स्त्रीलिंगी रूपात जाहीरपणा आणि सामान्यपणा हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, आणि तृतीयपंथी व्यक्तीला नेमके हेच दोन्ही एकाच वेळी हवे असते. २०१७ मध्ये एका जाहिरातपटातून सावंत देशासमोर आल्या त्या ‘आई’ म्हणून. ‘आई’ हे नाम पुढच्या क्रियापदाला पर्याय ठेवत नाही, आई ‘येते’च. पुढे २०२३ मध्ये रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ताली’ या हिंदी मालिकेतून त्यांचे जीवन पडद्यावर गेले.

त्रिपाठी आणि सावंत यांनी जाहीर जीवन स्वीकारले होते. ललित साळवे यांच्यावर ते येऊन पडले. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे महिला पोलीस शिपाई म्हणून सेवेत असलेल्या साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. विभागाने नकार दिल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर शासनाने परवानगी दिली आणि २०१८ च्या मे महिन्यात मुंबईत शस्त्रक्रिया झाली. नावातला शेवटचा ‘आ’ तेवढा गळाला. परंतु एका रजेच्या अर्जामुळे वृत्तपत्रांना प्रत्येक ओळीत ‘ती’ की ‘तो’ हे ठरवावे लागले, आणि एका शिपायाचे खाजगी जीवन महाराष्ट्रभर वाचले गेले. सांगण्याची वेळ, स्थळ आणि श्रोता निवडण्याचा हक्क ज्याला नसतो त्याच्या बाबतीत प्रकटीकरण आणि उघडे पडणे यांतील अंतर फार थोडे उरते.

व्याकरण आणि देह यांचे नाते मुळातच सैल आहे, याची साक्ष मराठीतच सापडते. कोल्हापूर भागातील अनेक स्त्रिया सहजपणे ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांच्या स्त्रीत्वाला त्याने बाधा येत नाही. क्रियापदाचे लिंग हा देहाचा दाखला नसून बोलीचा व नात्याचा संकेत आहे. म्हणूनच ते बदलता येते.

तो बदल सर्वांत अवघड कोठे होतो, हेही भाषाच दाखवते. आदरार्थी ‘तुम्ही’ला लिंगाची अडचण नाही, ‘तुम्ही कधी आलात?’ हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. सभेतला अपरिचित श्रोता, मुलाखतकार, न्यायाधीश या ‘तुम्ही’च्या आडोशाने सभ्यपणे वागू शकतात. घरातल्या ‘तू’ला मात्र तो आडोसा नाही. दारात उभ्या असलेल्या अपत्याला आई विचारते तेव्हा तिला ‘आलास?’ किंवा ‘आलीस?’ यांतले एक म्हणावेच लागते. न्यायालयाच्या निकालाने, पुस्तकाने किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्याने चारचौघांतला प्रश्न काही अंशी सुटला. उंबरठ्यावरच्या त्या एका प्रत्ययाचा प्रश्न प्रत्येक घराला स्वतंत्रपणे सोडवावा लागतो, आणि मराठी आत्मकथने ज्या उत्तराची वाट पाहताना दिसतात ते बहुधा हेच आहे.