लादी होऊ न देणारी साखर

सिसिलीतल्या कतानिया आणि मेसिना शहरांत उन्हाळ्यातला सकाळचा नाश्ता म्हणजे ग्रानिता आणि सोबत ब्रियोश हा मऊ, गोडसर पाव. लिंबू, बदाम, तुती किंवा कॉफीच्या चवीचा हा ओलसर, रवाळ बर्फ. फ्रीज नव्हते तेव्हा एटना ज्वालामुखीच्या उतारावरचं हिम हिवाळ्यात खड्ड्यांत, गुहांत दडपून ठेवत आणि उन्हाळ्यात खाली आणत. त्यात मीठ मिसळलं की तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं, आणि त्यात ठेवलेल्या भांड्यातला रस गोठतो.

आता ते काम फ्रीझर करतो. रवाळपणा मात्र साखरेच्या हाती. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. त्या जाळीत साखरेला जागा नसते, म्हणून स्फटिक निव्वळ पाण्याचा बनतो. उरलेला रस दाट होत जातो, आणि रस जितका दाट तितकी तो गोठायला जास्त थंडी लागते. २० टक्के साखरेचं पाणी उणे दीड अंशाच्या आसपास गोठू लागतं. पण उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येही त्याचा काही भाग चिकट आणि न गोठलेलाच राहतो. तोच स्फटिकांना सुटं ठेवतो.

कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. नुसता रस ठेवला तर त्याची लादीच होणार. बिया काढलेला अर्धा किलो गर, ७५ ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ मिक्सरमधून फिरवा. मिश्रण किंचित जास्तच गोड लागायला हवं, कारण थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते.

पसरट स्टीलच्या ताटात बोटभर थर ओता आणि ताट फ्रीझरमध्ये ठेवा. पाऊण-एक तासाने काठाला बर्फाच्या पातळ, पारदर्शक सुया धरलेल्या दिसतील. मला हा टप्पा फार आवडतो. स्फटिक वाढताना उघड्या डोळ्यांनी दिसतात. काट्याने त्या मोडून मध्ये ढकला, मग दर अर्ध्या तासाने हेच करा. मोडलेला तुकडा नव्या स्फटिकाचं बीज होतो, त्यामुळे मोजक्या मोठ्या खड्यांऐवजी असंख्य बारीक कण तयार होतात. तीन-चार तासांत ग्रानिता तयार.

साखरेऐवजी शुगर-फ्रीच्या गोळ्या मात्र घालू नका. गोठणबिंदू किती उतरणार हे विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरतं. त्या गोळ्यांनी गोडी येईल, पण रेणू इतके थोडे असतात की ताटात कडक लादीच मिळेल.