डिस्काउंट देण्याआधी एक रेघ ओढा

"दहा रुपये कमी केले तर काय बिघडतं?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. उत्तर शाळेतल्या संख्यारेषेवर मिळतं. वही-पेन घ्या.

समजा, तुमचा चकलीचा व्यवसाय आहे. पाकीट १०० रुपयांना विकता. साहित्य आणि पॅकिंगचा खर्च ६० रुपये. म्हणजे एका पाकिटामागे सुटतात ४०. भाडं, पगार, वीज मिळून महिन्याचा ठरलेला खर्च १८,०००. आता १८,००० भागिले ४० = ४५०. बरोबर ४५० पाकिटं विकली तर ना नफा, ना तोटा. म्हणून नफ्याची अट अशी: पाकिटं > ४५०.

रेघेवर ४५० ला पोकळ गोल काढा. पोकळ म्हणजे हा आकडा धरायचा नाही, नफा ४५१ पासून. आता दुसरी अट. महिन्याला जास्तीत जास्त ७०० पाकिटंच बनतात. म्हणजे पाकिटं ≤ ७००. इथे ७०० चालतात, म्हणून भरीव गोल.

४५० ○━━━━━━━━● ७००

दोन गोलांमधली जाड रेघ म्हणजे तुमची नफ्याची जागा.

आता १० रुपये कमी करा. सुटतात ३०. १८,००० भागिले ३० = ६००. पोकळ गोल सरकला!

६०० ○━━━● ७००

जागा २५० पाकिटांवरून १०० वर आली. आणि १५ रुपये सोडले तर? सुटतात २५, गोल जातो ७२० वर. पण तुमची क्षमता ७०० ची! रेघच उरली नाही. म्हणजे सगळा माल संपला, दुकानात गर्दी झाली, तरी महिनाअखेर तोटाच.

पोकळ-भरीवचा हा फरक कायद्यातही दिसतो. महाराष्ट्रात फक्त मालाची, तीही राज्यातच विक्री असेल, तर साधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या "वर" गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. म्हणजे ४० वर पोकळ गोल, बाण उजवीकडे. म्हणून नियम वाचताना "पेक्षा जास्त" आणि "पर्यंत" या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा.

आजचा गृहपाठ: तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूची रेघ काढा. आधी आजच्या भावाने, मग डिस्काउंट देऊन. जाड रेघ किती उरते ते बघा, आणि मगच ऑफरचा बोर्ड लावा.