महिला फुटबॉल लीग, राष्ट्रीय
भारतातील महिला फुटबॉल क्लबांची सर्वोच्च साखळी स्पर्धा. ‘इंडियन विमेन्स लीग’ या नावाने ती ओळखली जाते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (स्थापना १९३७) २०१६–१७ च्या मोसमापासून ही स्पर्धा सुरू केली. पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे महिलांची लीग तीनंतर सु. वीस वर्षांनी अस्तित्वात आली.

पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रिया संघटितपणे फुटबॉल खेळू लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील कामगार स्त्रियांचे संघ विशेष लोकप्रिय झाले. १९२० च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूल येथील एका महिला सामन्यास सु. ५३,००० प्रेक्षक उपस्थित होते. तथापि १९२१ मध्ये तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या संलग्न क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी केली. ही बंदी सु. पन्नास वर्षे टिकली व त्यामुळे महिला फुटबॉलची वाढ खुंटली.

भारतात १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. या संस्थेच्या कारकीर्दीत भारतीय संघाने आशियाई स्पर्धेत १९८० मध्ये कोझिकोडे येथे व १९८३ मध्ये बँकॉक येथे उपविजेतेपद मिळविले. १९८३ मध्ये शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत. १९९० नंतर महिला फुटबॉलचे नियंत्रण अखिल भारतीय महासंघाकडे आले आणि १९९१ पासून आंतरराज्य अजिंक्यपद स्पर्धा त्याच्या वतीने भरू लागली. मणिपूरने तीत वीसपेक्षा अधिक वेळा विजेतेपद मिळविले आहे. २०२३ पासून तीस ‘राजमाता जिजाबाई करंडक’ असे नाव देण्यात आले.

आंतरराज्य स्पर्धेत खेळाडू वर्षातून थोडेच दिवस एकत्र येत. उरलेल्या काळात क्लब, प्रशिक्षक वा वेतन यांचा आधार बहुतेकींना नसे. राष्ट्रीय संघाचे सामनेही अनियमित होते. दीर्घकाळ सामने न खेळल्यामुळे २००९ मध्ये भारताचे नाव जागतिक क्रमवारीतून वगळले गेले. वर्षभर चालणाऱ्या क्लब स्पर्धेची निकड या परिस्थितीतून पुढे आली.

विकास : पहिल्या मोसमाची प्राथमिक फेरी कटक येथे व अंतिम फेरी दिल्ली येथे झाली. अंतिम फेरीत सहा संघ होते व त्यांत महाराष्ट्रातील एफसी पुणे सिटी हा एक होता. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी इंफाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन संघाने कटकच्या रायझिंग स्टुडंट क्लबचा ३–० असा पराभव केला. पुढील मोसमात रायझिंग स्टुडंट आणि २०१८–१९ मध्ये तमिळनाडूचा सेतू एफसी विजयी ठरला. केरळच्या गोकुलम केरळा संघाने २०१९–२०, २०२१–२२ व २०२२–२३ असे सलग तीन मोसम जिंकले. मधल्या वर्षी कोविड साथीमुळे स्पर्धा झाली नाही. २०२३–२४ मध्ये ओडिशा एफसी आणि २०२४–२५ मध्ये ईस्ट बेंगॉल हे विजेते झाले.

प्रारंभीची वर्षे सर्व संघ एकाच शहरात जमून काही आठवड्यांत सामने संपवीत. २०२३–२४ मध्ये प्रथमच प्रत्येक संघ स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळला आणि स्पर्धा काही महिने चालली. २०२४ पासून दुय्यम श्रेणीची लीगही सुरू झाली. क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वार्षिक किमान ३.२ लाख रु. वेतनाचे करार द्यावेत, असा निर्णय महासंघाने २०२३ मध्ये जाहीर केला.

महाराष्ट्र : राज्यातील फुटबॉलचे नियमन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन करते. पुण्याखेरीज मुंबईचे पिफा स्पोर्ट्स आणि एफसी कोल्हापूर सिटी हे संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळले आहेत. मात्र त्यांपैकी कोणासही विजेतेपद लाभलेले नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला. क्लब बंद पडताच त्याच्या महिला संघाचाही आधार जातो, हे त्यावरून दिसते. २०२२ ची आशियाई महिला स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाली. परंतु कोविडबाधेमुळे यजमान भारताला तीतून बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला.

ग्रामीण भागातील मुलींना या लीगकडे जाणारा मार्ग प्रामुख्याने शालेय स्पर्धांतून जातो. सुब्रतो करंडक स्पर्धेत २०१२ पासून मुलींचाही गट आहे. मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी हिवाळ्यात स्थलांतर करतात. त्यामुळे त्यांतील मुलींचे शिक्षण व सराव दोन्ही खंडित होतात. सपाट मैदान, प्रशिक्षक आणि वसतिगृह यांची तालुका पातळीवर सोय झाल्याखेरीज लीगचा लाभ मोठ्या शहरांपलीकडे पोहोचणे कठीण आहे. मणिपूरमध्ये गावोगावच्या क्लबांमुळेच ओइनाम बेमबेम देवी (पद्मश्री, २०२०) यांच्यासारख्या खेळाडू घडल्या. २०२५ मध्ये थायलंडला २–१ असे हरवून भारतीय महिला २०२६ च्या आशियाई स्पर्धेस पात्र ठरल्या. पात्रता फेरीतून हे यश भारताने प्रथमच मिळविले.