फलाटावरची माणसं आणि एम्मा नावाचा डायनासोर

छोट्या रेल्वेवरची पुस्तकं-मासिकं मी हौसेनं जमवतो, पण इंजिनांची पानं भराभर उलटतो. नजर अडकते ती फलाटावर. ट्रंकेवर टेकलेली म्हातारी, हमालाशी हुज्जत घालणारा साहेब, बाकाखाली पसरलेलं कुत्रं. एचओ मापात, म्हणजे १:८७ला, पावणेसहा फुटी माणूस जेमतेम २० मिलिमीटर भरतो. गाय १६, आणि कबुतर तर चारही नाही. एवढ्याशा ऐवजापायी लोकांनी आयुष्यं घातली आहेत.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणी हरकत घेत नाही. तिथे उंची मानावर ठरते. आधी महाराज, मग मावळे, मग पायथ्याचा गवळी. रेल्वेवाल्यांना ही मुभा नाही. दारापेक्षा उंच प्रवासी उभा केला की सुबक डब्याचंही खेळणं होतं. उलट मापातला एक माणूस शेजारी ठेवा, इंजिनाला लगेच वजन येतं.

तयार माणसं बाजारात मिळतात. जर्मनीत रोटेनबुर्गजवळच्या श्टाइन्सफेल्डची प्रायझर कंपनी १९४९ची; तिची माणसं रेल्वेवाल्यांइतकीच वास्तुविशारदांच्या टेबलांवरही दिसतात. हॅम्बुर्गच्या ‘मिनियाटूर वुंडरलांड’मध्ये अशा माणसांची वस्ती दोन लाखांच्या पुढे गेली आहे. पण संख्येनं गाव जिवंत होत नाही, उभं कसं करायचं ते कळावं लागतं.

पहिला नियम, धावणारा माणूस नको. गाडी सरकते, चाकं फिरतात, आणि हा आपला एक पाय हवेत धरून तसाच. दोन मिनिटांत डोळ्यांना खुपायला लागतो. उभा, बसलेला, खांबाला टेकलेला माणूस मात्र कितीही वेळ खपतो. पायाखालची चकती कापायची, टाचेत बारीक तार खुपसून फलाटात रोवायची, नाहीतर माणूस तरंगतो. रंगाला चकाकी नको. डोळे तर रंगवूच नयेत. या मापाला डोळा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, ठिपका दिला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. आणि सगळ्यांची तोंडं गाडीकडे वळवली तर फलाटाची कवायत होते.

हे नियम कशासाठी पाळायचे, यावर मात्र या छंदात दोन टोकं आहेत. एका टोकाला रॉय इंग्लंड. हा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडला आला आणि ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातल्या गवती छपरांच्या घरांत गुंतला. ती घरं डोळ्यांदेखत बदलताना, पडताना त्यानं पाहिली. आपल्याला ती वाचवता येणार नाहीत, पण एका फुटाला चार मिलिमीटर या मापात जपता येतील, असं त्यानं ठरवलं. खरी घरं मोजून, पुठ्ठा कापून, एकेका घरावर महिनोन्‌महिने काम. त्यातून लाँग विटनमचं पेंडन संग्रहालय १९५४ साली उघडलं. इंग्लंड १९९५मध्ये वारला. ते छोटं खोरं संग्रहालयात अजून आहे. रेल्वे त्याची आवडती खरी, पण मला तर ती निमित्तमात्र वाटते.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा जॉन ॲलन. जन्म १९१३चा, पेशा छायाचित्रकाराचा. ‘गोरी अँड डिफीटेड’ ही त्याची कल्पनेतली रेल्वे. १९५३पासून घराच्या तळघरात त्यानं तिचा शेवटचा आणि सर्वांत मोठा अवतार उभारला. डोंगर जमिनीपासून थेट छतापर्यंत. जागा अपुरी पडली तिथे आरसे. लांबचं लांब दिसावं म्हणून मागच्या वस्तू मापानं लहान. अशा देखाव्यात कोणतं माणूस कुठे उभं आहे त्यावर दरी किती खोल वाटेल ते ठरतं. चुकीच्या जागी एक माणूस, की अख्खा डोंगर कोसळला. इंजिनांवर गंज आणि काजळी चढवण्याचा नादही अमेरिकेत ज्यांनी रुजवला त्यांत तो अग्रणी होता.

आणि या माणसानं यार्डात डबे ओढायला एक डायनासोर जुंपला! पाठीवर उभ्या फलकांच्या रांगा असलेला स्टेगोसॉरस, नाव एम्मा. काटेकोर मंडळींना असली थट्टा पचत नाही. मला विचाराल तर एम्माइतकं नेमकं पात्र या छंदात दुसरं नाही. ती खपते, कारण भोवतालचं सगळं चोख आहे. ॲलनकडे मित्र नेमानं जमत, वेळापत्रकानुसार गाड्या चालवत, मालडबे ठरल्या जागी पोचवत. एवढी शिस्त असली की एका डायनासोरला पगारी नोकरी देता येते. शिस्त नसती तर एम्मा नुसती प्लास्टिकची उरली असती.

६ जानेवारी १९७३ला ॲलन गेला. दहा दिवसांनी तळघर उबदार राहावं म्हणून लावलेल्या गॅस हीटरमुळे आग लागली आणि रेल्वे जळाली. उरली ती मुख्यतः त्याची छायाचित्रं. १९८१च्या पुस्तकात ती लिन वेस्टकॉट यांनी एकत्र आणली. रॉय इंग्लंडनं जे नाहीसं होत होतं ते टिकवलं, ॲलनचं स्वतःचंच नाहीसं झालं. तरीही कुणाचं ऋण मोठं, हे मला ठरवता येत नाही.

आपल्याकडे कोथरूडचं भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८पासून लोकांसाठी खुलं आहे, त्यामुळे छंद अनोळखी नाही. अडचण फलाटावरच्या गर्दीची. तयार माणसं कोट-हॅटवाली. धोतर टिश्यू पेपर गोंदात भिजवून नेसवावं लागतं, हमालाचा लाल सदरा आपणच रंगवायचा. माझ्या मते यासाठी कर्जतसारखं स्टेशन नाही. पुण्याच्या गाडीला घाटासाठी मागे बँकर इंजिनं लागतात, गाडी थांबते, माणसं वड्यासाठी उतरतात. थबकून उभं राहायला प्रत्येकाला सबळ कारण आहे. कुणी हे मनावर घ्यावंच. बँकरच्या जागी हत्ती लावला तरी माझी तक्रार नाही; फक्त वडा पाऊण मिलिमीटरपेक्षा मोठा नको.